वर्गात ऑनलाइन व्हिडिओ दाखवताना जाहिराती, मेसेज आणि 'पुढचा व्हिडिओ' कसे टाळायचे?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवीचा एकत्र वर्ग, पट ३८. ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, एक जुना लॅपटॉप आहे, इंटरनेट शिक्षकांच्या मोबाइलवरून घ्यावं लागतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ लावला की आधी जाहिरात, मध्येच व्हॉट्सॲपचा मेसेज, संपला की भलताच व्हिडिओ आपोआप सुरू. पाच मिनिटांच्या व्हिडिओपायी अर्धा तास जातो. काय करावं?

यात यूट्यूबचा दोष फार तर निम्मा. उरलेला वेळ वर्गासमोर शोधण्यात जातो. शोधपट्टीत दोन अक्षरं टाकली की खाली सूचनांची यादी उघडते, मुलं ती मोठ्यांदा वाचायला लागतात. मग छोट्या चित्रांची रांग येते, त्यात क्रिकेट असतं, गाणी असतात, आणि हवा तो व्हिडिओ सापडेपर्यंत वर्ग हातातून गेलेला असतो. म्हणून तासात शोधायचं नाही, हा नियम आधी स्वतःला लावून घ्या. शोधणं, कापणं, जाहिरात उडवणं, आवाज जुळवणं ही कामं तास सुरू होण्यापूर्वीची. मुलांना पडद्यावर जी पहिली गोष्ट दिसेल ती व्हिडिओची चौकटच असली पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. त्याची चर्चा तंत्रज्ञान म्हणून झाली. वर्गात उभं राहणाऱ्याला मात्र त्यातली कामाची गोष्ट वेगळी दिसते: कोड स्कॅन केला की नेमका तो घटक उघडतो, मधे शोधपट्टी येतच नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचे कोड याच तत्त्वावर चालतात. तुमच्या पाठ टाचणातही हे करता येतं. क्रोममध्ये व्हिडिओचं पान उघडून शेअरच्या पर्यायातून त्या पानाचा क्यूआर कोड बनतो. तो छापून टाचणात चिकटवा. लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर कोडाची गरज नाही, बुकमार्क पुरतो.

व्हिडिओ निवडणं आणि कापणं

निवडताना विषयाआधी लांबी बघा. यूट्यूबवर मधल्या जाहिराती आठ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओंतच टाकता येतात. साडेसात मिनिटांच्या व्हिडिओला सुरुवातीची जाहिरात येईल, पण ऐन प्रयोगाच्या मध्ये साबण येणार नाही. सारख्याच दर्जाचे दोन व्हिडिओ सापडले तर आठ मिनिटांच्या आतला घ्या.

दुसरी मर्यादा शेवटाची. 'हाही पाहा', 'सबस्क्राइब करा' असे चौकोन आणि गोल शेवटच्या ५ ते २० सेकंदांत येतात. तेव्हा दाखवण्याचा तुकडा व्हिडिओ संपायच्या किमान २० सेकंद आधी तोडायचा. सुरुवातीचा लोगो, संगीत, 'नमस्कार मित्रांनो, आज आपण' हे सगळं बहुधा ३० ते ४० सेकंद खातं, तेही कापायचं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत धड्याला लागणारा भाग बहुतेक वेळा तीन-चार मिनिटांचा निघतो. माळढोकावरचा माहितीपट घ्या. नान्नजचं अभयारण्य जिल्ह्यातच असल्यामुळे पूर्ण दाखवायचा मोह होणारच. पण 'अधिवास' या मुद्द्यासाठी गवताळ माळाचं मिनिटभराचं दृश्य आणि नर पक्षी गळ्याची पिशवी फुगवतो ती ४० सेकंदं, एवढ्यावर तास उभा राहतो. बाकीचा माहितीपट मुलं घरी बघतील तर बघतील.

कापण्यासाठी व्हिडिओ डाउनलोड करायची गरज नाही. गूगल स्लाइड्समध्ये हे फुकट होतं:

१. नवीन सादरीकरण उघडा, पहिली स्लाइड पूर्ण काळी किंवा फक्त प्रश्न लिहिलेली ठेवा.
२. दुसऱ्या स्लाइडवर 'इन्सर्ट'मधून 'व्हिडिओ' निवडा आणि यूट्यूबचा पत्ता चिकटवा.
३. व्हिडिओ ओढून स्लाइडभर मोठा करा, कडेला पांढरी पट्टी राहू देऊ नका.
४. व्हिडिओवर क्लिक करून 'फॉरमॅट ऑप्शन्स' उघडा. 'व्हिडिओ प्लेबॅक'खाली सुरुवातीची आणि शेवटाची वेळ मिनिट:सेकंद अशी भरा. सुरू कसा व्हावा यासाठी 'क्लिक केल्यावर' हा पर्याय ठेवा; आपोआप सुरू होणारा व्हिडिओ तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बोलायला लागतो.
५. एकाच व्हिडिओतले दोन तुकडे हवे असतील तर तीच स्लाइड डुप्लिकेट करून वेळा बदला. मधे प्रश्नाची स्लाइड टाका.

असं केल्यावर बाजूची यादी, प्रतिक्रिया, खालचं वर्णन, आपोआप लागणारा पुढचा व्हिडिओ हे सगळं जातं. पूर्णपणे नाही, हेही सांगायला हवं. मध्येच थांबवलं तर काही वेळा चौकटीवर 'आणखी व्हिडिओ' अशी पट्टी येते. तेव्हा व्हिडिओच्या बाहेर, स्लाइडच्या कोपऱ्यात एकदा क्लिक करा आणि बी हे अक्षर दाबा: पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की परत येतो. बाहेर क्लिक करणं महत्त्वाचं, कारण क्लिक व्हिडिओवर असताना कळफलक प्लेयरचं ऐकतो, सादरीकरणाचं नाही. 'बी दाबलं, काहीच झालं नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

काही व्हिडिओ स्लाइडमध्ये चालतच नाहीत, 'यूट्यूबवर पाहा' एवढंच लिहून येतं. मालकाने दुसऱ्या ठिकाणी दाखवायची परवानगी बंद ठेवलेली असते किंवा व्हिडिओला वयाची अट असते. त्यावर इलाज नाही. दुसरा व्हिडिओ शोधा, आणि हा शोध आदल्या संध्याकाळी लागू दे.

शिक्षकांच्या ग्रुपवर दोन जुनी जुगाडं अजून फिरतात. पहिलं, पत्त्याच्या शेवटी 'रेल बरोबर शून्य' (rel=0) लावा म्हणजे सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत. २०१८ पासून त्याचा अर्थ बदललाय: सूचना येतात, फक्त त्याच चॅनलच्या येतात. दुसरं, पत्त्यातला 'वॉच' काढून 'एम्बेड' लिहा म्हणजे रिकाम्या पानावर नुसता व्हिडिओ उघडतो. हे छान चालायचं. हल्ली असा पत्ता थेट ब्राउझरच्या पट्टीत टाकला तर बऱ्याचदा 'एरर १५३' येतो, कारण तो प्लेयर कुठल्या तरी पानात बसवलेला असण्याची अपेक्षा असते. स्लाइड्स किंवा गूगल साइट्सच्या पानात बसवला की अडचण राहत नाही.

जाहिरात

जाहिरात पूर्ण बंद करण्याचा खात्रीचा आणि सरळ मार्ग म्हणजे व्हिडिओ ऑफलाइन असणं, त्याबद्दल पुढे. ऑनलाइनच दाखवायचा असेल तर तासाच्या आधी व्हिडिओ एकदा सुरू करा, जाहिरात जाऊ द्या, मूळ व्हिडिओ दोन सेकंद चालला की थांबवा आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवा. पान रिफ्रेश केलंत किंवा बंद करून परत उघडलंत तर नवी जाहिरात येऊ शकते. फार वेळ, म्हणजे परिपाठाला थांबवून दुपारी चालू केला, तरीही पान स्वतःच ताजं होऊन बसतं. दहा-पंधरा मिनिटं आधीची तयारी पुरे.

'रिस्ट्रिक्टेड मोड'बद्दल एक गैरसमज आहे. त्याने प्रतिक्रिया दिसत नाहीत आणि बराचसा नको तो मजकूर गाळला जातो, म्हणून शाळेच्या खात्यावर तो चालूच ठेवावा. पण जाहिराती त्याने जात नाहीत. 'मुलांसाठी बनवलेला' असा शिक्का असलेल्या व्हिडिओवर व्यक्तीनुसार जाहिराती येत नाहीत, प्रतिक्रियाही बंद असतात. जाहिरात मात्र येऊ शकते.

लॅपटॉप आणि टीव्ही

तुमच्याकडे दोन्ही आहेत, तर एचडीएमआय केबल घ्या. बिनतारी जोडणीच्या भानगडीत पडू नका. पाच मीटरची साधी केबल चांगली चालते. दहा मीटरच्या पुढे चित्र लुकलुकायला लागतं, म्हणून लॅपटॉप मागच्या टेबलावर ठेवायचा हट्ट नको.

केबल लावली की बहुतेकजण टीव्हीवर लॅपटॉपची जशीच्या तशी नक्कल दाखवतात, आणि सगळे प्रश्न तिथून सुरू होतात. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, 'एक्स्टेंड' निवडा. आता टीव्ही हा लॅपटॉपला जोडलेला दुसरा, रिकामा पडदा झाला. ब्राउझरची खिडकी ओढून टीव्हीवर न्या, पूर्ण पडदा करा. लॅपटॉपवर तुम्ही टाचण उघडा, दुसरा तुकडा तयार करा, मुलांना काही दिसत नाही. एक्स्टेंड लावण्याआधी विंडोजच्या पार्श्वभूमीला साधा काळा रंग द्या. नाहीतर व्हिडिओआधी घरच्या लग्नाचा फोटो दिसतो आणि पुढची पाच मिनिटं त्यावर जातात.

आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून आवाज कुठे जावा तिथे टीव्हीचं नाव निवडा. टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील, वाक्यांची शेवटची अक्षरं दिसत नसतील, तर दोष टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असा पर्याय शोधा.

शाळेसाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल बनवा आणि वेगळं गूगल खातं उघडा. स्वतःच्या खात्यावरून दाखवलं की तुमच्या आवडीनिवडी पडद्यावर येतात, बुकमार्कपट्टीतली बँकही येते. शाळेच्या खात्यात यूट्यूबची 'वॉच हिस्टरी' पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. २०२३ पासून इतिहास बंद असलेल्या नव्या खात्याला यूट्यूबचं मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं दिसतं, नुसती शोधपट्टी. चुकून मुखपृष्ठ उघडलं तरी वर्ग विचलित होत नाही. इतका मोठा फायदा इतक्या छोट्या बदलात क्वचित मिळतो. 'ऑटोप्ले'ची खिट्टीही इथेच एकदा बंद करून टाका.

लॅपटॉपच्या सूचना 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवा, झोपी जाण्याची वेळ 'कधीच नाही' करा, आणि विंडोजचं अपडेट शनिवारी दुपारी उरकून घ्या. तासाच्या मध्यावर 'अपडेट होत आहे, बंद करू नका' आलं तर व्हिडिओ विसरा.

मोबाइलचं काय करायचं

तुमचं इंटरनेट मोबाइलमधून आहे, म्हणजे तो विमान मोडवर टाकता येत नाही. मग निदान तो पडद्याशी जोडलेला नसावा. फोनचं संपूर्ण पान टीव्हीवर उमटवणं म्हणजे मिररिंग. त्यात येणारा प्रत्येक मेसेज, प्रत्येक फोन वर्गासमोर येतो. कास्ट करणं वेगळं: फोन टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः आणतो, फोनवर काय चाललंय ते दिसत नाही. फोनवरून दाखवायचंच असेल तर कास्ट करा. त्यासाठी फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर लागतात. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून कास्ट करणं काही हँडसेटवर जमतं, काहींवर नाही; दुसरा फोन हॉटस्पॉटला ठेवणं सोपं. कास्टला एक खोड आहे. त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या फोनला टीव्हीवरचा व्हिडिओ थांबवता येतो, रांगेत स्वतःचा टाकता येतो. गूगल होम ॲपमध्ये इतरांना नियंत्रण देण्याचा पर्याय असतो, तो बंद करा आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड मुलांना ठाऊक होऊ देऊ नका.

लॅपटॉपला इंटरनेट देताना हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग बरं. चार्जिंगचीच केबल लावायची आणि फोनच्या सेटिंगमध्ये टेदरिंग चालू करायचं. जोडणी स्थिर राहते, फोन चार्जही होतो. फोन खिडकीजवळ, रेंज असेल तिथे ठेवा. जाड दगडी भिंतींच्या जुन्या खोल्यांत दोन फुटांनी फरक पडतो.

डेटाचा हिशेब ढोबळ धरा: ४८० पी दर्जाच्या चित्राला तासाला अर्धा जीबीच्या आसपास, ७२० पीला एक ते दीड जीबी. ४३ इंची टीव्हीवर प्राण्यांची, भूगोलाची दृश्यं ४८० पीवर चालतात; नावं लिहिलेल्या आकृत्या असतील तर ७२० पी लागतं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये चार-पाच मिनिटांचे तुकडे निवांत बसतात. आणि व्हिडिओ थांबवून ठेवला की आपोआप पूर्ण भरतो, हे आता होत नाही. पूर्वी व्हायचं. आता प्लेयर पुढचा थोडासाच भाग आणून थांबतो, म्हणून रेंज कच्ची असेल तर आधी लावून ठेवण्याचा जाहिरातीपुरताच उपयोग, अडखळण्यावर नाही. अडखळत असेल तर दर्जा हाताने एक पायरी खाली आणा. 'ऑटो'वर सोडलं की चित्र मध्येच धूसर होतं.

ऑफलाइन: खरी निश्चिंती

जिथे रेंजच धड नाही तिथे वरचं सगळं सोडा आणि ऑफलाइनकडे वळा. यूट्यूबवरून बाहेरच्या साइट वापरून व्हिडिओ उतरवून घेणं त्यांच्या अटींविरुद्ध आहे, आणि त्या साइटवरच्या खोट्या 'डाउनलोड' बटणांनी शाळांचे लॅपटॉप व्हायरसने भरतात, हे दुसरं कारण. त्याची गरजही फार पडत नाही. दीक्षाच्या ॲपमधला आशय ॲपमध्येच उतरवून ठेवता येतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, एकेक फाइल म्हणून उतरतात आणि ब्राउझरमध्ये ऑफलाइन उघडतात. विजेचा परिपथ, अपूर्णांक, बल यांसाठी व्हिडिओपेक्षा हीच सरस, कारण मुलं फळ्याजवळ येऊन स्वतः बदल करून बघतात. नासाच्या संग्रहातून अवकाशाचे व्हिडिओ थेट फाइल म्हणून मिळतात. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याचे व्हिडिओ आहेत, पण ते बहुतेक वेबएम प्रकारचे असतात. पेनड्राइव्हवरून थेट टीव्हीवर ते बहुधा चालत नाहीत. लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेयरमध्ये चालतात.

पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावणार असाल तर फाइल एमपी-४ आणि आतलं कोडिंग एच-२६४ असावं. हल्लीचे बरेच फोन जागा वाचवायला एच-२६५ मध्ये चित्रीकरण करतात. जुन्या टीव्हीवर अशा फाइलचा आवाज येतो, चित्र येत नाही, किंवा 'असमर्थित' असं येतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. पेनड्राइव्ह एफएटी-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण आपल्या तुकड्यांना तेवढी लागत नाहीच.

स्वतः चित्रित केलेला व्हिडिओ सगळ्यात कमी वापरला जातो, आणि सगळ्यात निर्वेध चालतो तोच. सोलापुरात यंत्रमागासाठी इंटरनेट कशाला हवं? परवानगी घेऊन कारखान्यात उभं राहा, फोन आडवा धरा, ताणा कुठला आणि बाणा कुठला ते जवळून घ्या, जकार्डची छिद्रांची पुठ्ठी पट्टी फिरताना एक मिनिट घ्या. तीन मिनिटांत चादरीवरची नक्षी कशी उतरते ते कळतं. मागाचा खडखडाट एवढा असतो की मागून बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून आवाज बंद करून दाखवा आणि वर्गात स्वतः बोला.

दिसणं, ऐकणं, उकाडा

मागच्या मुलाला दिसत नसेल तर तो बोलणारच. त्याला दटावून उपयोग नाही. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. पडद्यावरचं लेखन वाचायचं असेल तर शेवटचं मूल उंचीच्या सहापट अंतराच्या आत हवं, म्हणजे सव्वातीन मीटर. नुसती दृश्यं बघायची तर आठपट, म्हणजे सव्वाचार मीटर. नेहमीच्या बाकांच्या रचनेत ३८ मुलं यात बसत नाहीत. तेव्हा बाकं मागे सरकवा, सतरंजी टाका, मुलांना टीव्हीसमोर अर्धगोलात बसवा, उंच मुलं मागे. टीव्हीची खालची कड जमिनीवर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या थोडी वर असावी; छताजवळ टांगलेल्या टीव्हीने मान दुखते आणि मग चुळबुळ सुरू होते.

प्रकाश समोरून, म्हणजे टीव्हीच्या समोरच्या खिडकीतून पडत असेल तर पडद्यावर खिडकीच दिसते. पातळ पडदे सोलापूरच्या उन्हाला पुरत नाहीत. घरची जुनी चादर दुहेरी करून खिळ्यांना अडकवली की काम होतं. दणकट चादर प्रकाशही अडवते आणि खोलीतला घुमणारा आवाजही थोडा शोषते. पण पत्र्याच्या खोलीत मार्चनंतर खिडक्या झाकल्या तर मुलं उकडून निघतील. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते तेव्हा व्हिडिओचा तास पहिल्या दोन तासांत घ्या. शाळेत पुढे प्रोजेक्टर आला तर हे आणखी लागू: बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. धुळीने जाळी तुंबलेली असेल तर तो त्याआधीच गरम होऊन बंद पडतो. जाळी महिन्यातून एकदा झटका. प्रोजेक्टरच्या रिमोटवर 'फ्रीझ' आणि 'ब्लँक' अशी बटणं असतात. फ्रीझ दाबलं की मुलांना थिजलेलं चित्र दिसत राहतं आणि लॅपटॉपवर तुम्ही हवं ते करू शकता.

टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, पंख्याच्या घरघरीत शब्द बुडतात. तारेचा छोटा स्पीकर टीव्हीखाली मुलांकडे तोंड करून ठेवा. ब्लूटूथ स्पीकरमध्ये आवाज किंचित मागाहून येतो. ओठ आणि शब्द जुळले नाहीत की सातवीची मुलं हसतात, मग व्हिडिओ कितीही गंभीर असो.

भाषा

हा मुद्दा सोलापुरात पुण्यापेक्षा जास्त महत्त्वाचा. वर्गाचं माध्यम मराठी असलं तरी घरी कुणी तेलुगू बोलतं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कुठे उर्दू. वेगाने बोललेलं पुस्तकी हिंदी किंवा इंग्रजी निवेदन पहिल्या मिनिटात वर्ग सोडून जातं, आणि समजेनासं झालं की विचलित व्हायला मुलांना जाहिरात लागत नाही. दोन उपाय आहेत. एक, चाक असलेल्या सेटिंगच्या बटणातून वेग ०.७५ करा. दोन, आणि मला हाच जास्त पटतो: आवाज बंद करा, निवेदन तुम्ही करा. प्रयोगाच्या, प्राण्यांच्या, नकाशाच्या व्हिडिओत चित्रच बोलतं.

हल्ली काही इंग्रजी व्हिडिओ आपोआप यांत्रिक हिंदीत सुरू होतात. बिघाड झालेला नसतो. यूट्यूबने डब केलेला आवाज निवडलेला असतो. सेटिंगमध्ये 'ऑडिओ ट्रॅक' उघडून मूळ भाषा निवडा. आदल्या दिवशी बघितलं असेल तर हा धक्का वर्गात बसत नाही.

व्हिडिओ चालू असताना

व्हिडिओआधी फळ्यावर एक प्रश्न लिहा, एकच. 'काय समजलं?' असला नको. 'सूक्ष्मदर्शकाखालचा अमीबा कुठल्या बाजूला सरकला?' असा, ज्याचं उत्तर पडद्यावरच आहे आणि बघितल्याशिवाय देता येत नाही. वही उघडी, पेन हातात. दीड-दोन मिनिटांनी थांबवा, आणि थांबायची जागा आधी ठरवलेली असू द्या: परिणाम दिसायच्या एक सेकंद आधी. 'आता काय होईल?' दोन-तीन मुलं सांगतील, मग पुढे. एकत्र वर्ग असल्याने सहावीला नोंद करायला द्या आणि सातवीला कारण लिहायला. तुकडा दुसऱ्यांदा दाखवा, या वेळी आवाजाविना. पहिल्यांदा मुलं चित्रामागे धावतात, नेमकं निरीक्षण दुसऱ्या वेळी होतं.

यूट्यूबच्या पानावरूनच थेट दाखवत असाल तर माऊस हलवू नका, हलवला की पट्ट्या वर येतात. कळफलक वापरा: एफने पूर्ण पडदा, केने थांबा-चालू, जेने दहा सेकंद मागे, एलने दहा पुढे, सीने खालच्या ओळी. थांबलेला असताना स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट मागेपुढे जाते. चेंडू उसळताना किंवा बी फुटताना दाखवायला यासारखं साधन नाही.

वर्गात दाखवणं कायद्याला धरून आहे का, हेही बऱ्याचदा विचारलं जातं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेत कर्मचारी, विद्यार्थी, पालक यांच्यापुरतं चित्रपट दाखवण्याची सूट आहे. गावच्या गणेशोत्सवात तोच व्हिडिओ पडद्यावर लावणं त्यात बसत नाही.

वीज गेली तर

टीव्ही आणि लॅपटॉप मिळून साधारण दीडशे वॅटच्या आसपास घेतात, त्यामुळे शाळेच्या कार्यालयातला घरगुती इन्व्हर्टरही त्यांना चालवतो. एक पॉइंट वर्गात ओढून घ्या. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपची बॅटरी शाबूत आहे का ते बघा. टीव्ही बंद पडला तरी लॅपटॉपभोवती आठ-दहा जणांचा गट करून आळीपाळीने तुकडा दाखवता येतो, तोवर बाकीचे फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहितात. वीज परत आल्यावर टीव्ही पुन्हा मुखपृष्ठावर उघडतो आणि त्यावर सिनेमांच्या जाहिराती असतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू झाल्यावर शेवटची जोडणी उघडावी असा पर्याय असेल तर तो एचडीएमआयवर लावा, नसेल तर आधी टीव्हीवर चादर टाका, मग चालू करा.